पानांचे गणित जमले, वहीचे राहिले

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

‘मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, वय २९. शिवाजी विद्यापीठातून संख्याशास्त्रात बी.एस्सी. केले आणि आता एका बँकेत लिपिक आहे. दर शनिवारी रात्री आम्ही सहा मित्र एकाच्या घरच्या माडीवर टेक्सास होल्डेम पोकर खेळतो; यात प्रत्येकाच्या हातात दोन पाने असतात आणि खाली सर्वांसाठी टप्प्याटप्प्याने पाच उघडतात. बिग ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधी सक्तीने लावायची रक्कम, वीस रुपयांचा असतो. पूर्वी तीन पानी खेळायचो, पण पोकरमध्ये हिशेबाला वाव आहे म्हणून हा खेळ मला आवडला. आउट्स, म्हणजे आपला हात जिंकता करणारी उरलेली पाने, मोजतो, टक्के काढतो आणि मगच पैसे घालतो. तरीही गेल्या तेरा शनिवारांत १८,४०० रुपये हरलो. एक्क्यांची जोडी हातात असताना दोनदा हरलो. मागच्या शनिवारी माझ्याकडे बदाम नव्वी आणि बदाम अठ्ठी होती. खाली बदाम राजा, बदाम तिर्री आणि किलवर दुर्री उघडली. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, २०० रुपयांचा होता आणि समोरच्याने २०० लावले. फ्लश, म्हणजे इथे बदामाची पाच पाने, लागण्याची शक्यता ३५ टक्के, म्हणून मी कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे भरले. चौथे पान इस्पिक राणी आले. त्याने ६०० लावले, तेही मी भरले. पाचवे पान चौकट सत्ती निघाले आणि त्याने किलवर राजा व चौकट राणी दाखवली. आता मित्र म्हणतात, गणित तुला येते, चौघांचे मिळून दोन लाख घेऊन तू गोव्याच्या कॅसिनोत खेळ. तिघांनी पन्नास-पन्नास हजार माझ्या खात्यावर पाठवलेही आहेत. त्यातल्या एकाचे पैसे उसाच्या बिलाचे आहेत. घरी यातले काहीच ठाऊक नाही. गणित बरोबर असून मी हरतो कसा, आणि गोव्याला जावे का?’

उत्तर:

तुम्ही पाठवलेल्या डावापासूनच सुरुवात करतो, कारण ‘गणित बरोबर असून’ हे तुमचे शब्द मला मान्य नाहीत. तुम्ही काढलेला आकडा बरोबर आहे. तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न मात्र त्या क्षणी तुमच्यापुढे नव्हता. फ्लॉप, म्हणजे खालची पहिली तीन पाने, उघडल्यावर तुम्हाला न दिसलेली पाने ४७ होती आणि त्यांत बदामाची नऊ. पुढच्या दोन पानांत एकही बदाम न येण्याची शक्यता ३८/४७ गुणिले ३७/४६, म्हणजे सुमारे ६५ टक्के. म्हणून एखादे तरी बदाम येण्याची शक्यता ३५ टक्के. पण हे ३५ टक्के दोन्ही पाने एकाच किमतीत पाहायला मिळणार असतील तरच लागू होतात, म्हणजे कोणाचे तरी सगळे पैसे आत गेलेले असतील आणि पुढे कोणी काही लावू शकणार नसेल तेव्हा. तुमच्या डावात समोरच्यापुढे पैसे शिल्लक होते. तुम्ही २०० रुपये देऊन दोन नव्हे, एकच पान विकत घेतले, आणि एका पानात बदाम येण्याची शक्यता ९/४७, म्हणजे सुमारे १९ टक्के होती.

आता किंमत पाहा. २०० च्या पॉटवर त्याने २०० लावले, म्हणजे ४०० रुपये जिंकण्यासाठी तुम्हाला २०० घालायचे होते. बरोबरीत सुटण्यासाठी तीनांत एकदा, म्हणजे ३३ टक्के वेळा जिंकणे आवश्यक होते. दोन्ही पाने त्याच पैशांत मिळाली असती तर अशा प्रत्येक कॉलमागे सरासरी दहाएक रुपयांचा फायदा होता. एका पानासाठी तो सौदा महागच होता. तो परवडायचा असेल, तर बदाम आल्यानंतर समोरच्याकडून आणखी सुमारे ४४५ रुपये निघतील अशी खात्री हवी होती, आणि खाली तिसरे बदाम उघडल्यावर कोणता शहाणा माणूस ते देईल, याचा विचार तुमच्या पत्रात कुठेही नाही. तरीही या पहिल्या कॉलबद्दल मी तुम्हाला फार बोल लावणार नाही. सैल हाताने खेळणारी मंडळी असतील तर तो कधीकधी खपून जातो.

दुसरा कॉल मात्र खपण्यासारखा नाही. आता एकच पान उरले होते, शक्यता ९/४६ होती, आणि १२०० रुपये जिंकण्यासाठी ६०० घालायचे होते. पुन्हा ३३ टक्के हवे होते आणि तुमच्याकडे २० टक्केसुद्धा नव्हते. अशा परिस्थितीत शंभर वेळा कॉल केला, तर प्रत्येक वेळी सरासरी २४८ रुपये तुम्ही समोरच्याला देऊन येता. पहिल्या कॉलच्या वेळी मनात बसलेला ३५ हा आकडा तुम्ही दुसऱ्या कॉललाही तसाच वापरला, असा माझा दाट संशय आहे. आउट्सना चाराने किंवा दोनाने गुणून टक्के काढण्याची जी युक्ती खेळाडू वापरतात, तिच्यातला चार हा आकडा दोन पाने बाकी असताना आणि दोन हा एक पान बाकी असताना वापरायचा असतो; हा फरक विसरला की युक्ती उलटते.

याच डावात आणखी एक बारकावा दडला आहे. तुम्ही मोजलेल्या नऊ बदामांत बदाम राणीही होती. ती आली असती तर तुमचा फ्लश झाला असता, पण समोरच्याच्या हातातली राणी, खालची इस्पिक राणी आणि ही तिसरी अशा तीन राण्या, त्यांच्यासोबत दोन राजे, म्हणजे त्याचा फुल हाउस झाला असता आणि तुम्ही फ्लश लागूनही, कदाचित अधिक पैसे घालून, हरला असता. तुमचे खरे आउट्स आठच होते. शिवाय नव्वीच्या फ्लशवर राणीचा, एक्क्याचा फ्लश बसू शकतो, हेही आहेच. पाने मोजणे ही पहिलीच पायरी आहे. त्यांतली कोणती पाने आपल्याला खरोखर जिंकवतात हे समोरच्याच्या हातात काय असू शकते यावर ठरते, आणि तिथे मोजणी संपून अनुमान सुरू होते. दोनशेच्या पॉटवर दोनशे आणि मग सहाशेच्या पॉटवर सहाशे लावणारा तुमचा हा मित्र गेल्या तेरा शनिवारांत असे कोणत्या पानांवर लावत आला, हे तुम्हाला आठवते का? संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला नव्या माहितीवरून आधीचा अंदाज सुधारण्याचा बेजचा नियम मी नव्याने सांगण्याची गरज नाही. तो परीक्षेत लिहिला, माडीवर मात्र नेला नाही, एवढेच.

निकालाबद्दलही थोडे. संभाव्यताशास्त्राचा पाया घालणारा जो पत्रव्यवहार पास्कल आणि फर्मा यांच्यात १६५४ मध्ये झाला, त्यातला प्रश्न असा होता की अर्धवट थांबलेल्या खेळात लावलेली रक्कम खेळाडूंमध्ये कशी वाटावी. त्यांचे उत्तर असे की झाले ते पाहू नका, खेळ पुढे चालला असता तर कोण किती वेळा जिंकू शकला असता ते मोजा. पोकरमधला प्रत्येक निर्णय असाच अर्धवट थांबलेला खेळ असतो, म्हणून त्याचे मोल पाचव्या पानावरून करायचे नसते. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आले की शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती उंचावर हलवण्याची धावपळ सुरू होते. एखाद्या वर्षी पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीपर्यंत न जाता ओसरले, म्हणून मूर्ती हलवणाऱ्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. हा न्याय तुम्ही स्वतःला लावला तर सोयीचा वाटेल, पण तो दोन्ही बाजूंनी लावावा लागतो: त्या ६०० च्या कॉलवर पाचवे पान बदाम एक्का आले असते, तरी तो कॉल चुकलेलाच ठरला असता.

एक्क्यांच्या जोडीचे दुःख मी समजू शकतो, पण तिच्याबद्दल तुमची अपेक्षाच अवास्तव आहे. ही जोडी सरासरी २२१ डावांत एकदा हातात येते, त्यामुळे ती आली की माणसाला पॉट आपलाच वाटू लागतो. समोर राजांची जोडी एकटी असेल तर एक्के ८२ टक्के वेळा जिंकतात, म्हणजे फाशावर एकचे दान पडण्याइतक्याच, किंबहुना किंचित अधिक वेळा हरतात. समोर कोणतीही पाने घेऊन चार जण शेवटपर्यंत बसले, तर एक्क्यांचे यश ५६ टक्क्यांच्या आसपास येते. आणि कोल्हापुरात हाती आलेली पाने न बघता, न भरता टाकून देणे हा अनेकांना आपल्या मानाचा प्रश्न वाटतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अशा मंडळींत एक्के घेऊन सुरुवातीलाच मोठी रक्कम लावून माणसे कमी करायची असतात. तुम्ही तसे केले होते का, ते पत्रात नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तुमच्या पत्रावर बहुतेक जाणकार तुम्हाला धीर देतील की पोकरमध्ये चढउतार फार असतात, तेरा शनिवार म्हणजे काहीच नव्हेत, खेळत राहा. या सांत्वनात तथ्य आहे की नाही हे तपासता येते, आणि तुमच्याच शास्त्राने तपासता येते. ताशी पंचवीस डाव आणि रात्री चार तास धरले, तर एका शनिवारचे शंभर डाव, तेरा शनिवारांचे १३००. नो-लिमिट होल्डेममध्ये शंभर डावांमागे निकालाचे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो ते माप, साधारणपणे ९० बिग ब्लाइंडच्या घरात असते; तुमच्या माडीवरचा खेळ सैल आहे असे मानून मी ते १२० धरतो, म्हणजे दैवाला मुद्दाम झुकते माप देतो. १३०० डावांसाठी ते १२० गुणिले तेराचे वर्गमूळ, म्हणजे ४३३ बिग ब्लाइंड, म्हणजे सुमारे ८,६५० रुपये. तुमचा तोटा ९२० बिग ब्लाइंडचा आहे. तुम्ही त्या मंडळींच्या तोडीस तोड खेळत असता, तर केवळ वाईट पाने येऊन एवढा किंवा याहून अधिक तोटा होण्याची शक्यता शंभरात दोनसुद्धा नाही. ९० हे विचलन धरले तर ती चारशेत एकाच्या आसपास जाते.

परीक्षेत असा निष्कर्ष आला असता तर ‘तोटा निव्वळ दैवाचा’ ही शून्य परिकल्पना तुम्ही नाकारली असती. इथे ती तुमच्याबद्दल आहे, म्हणून नाकारवत नाही. मी वर्गात अनेक वर्षे हा विषय शिकवला आणि माझा अनुभव असा की संभाव्यता शिकलेला माणूस ती सर्वांत शेवटी स्वतःला लावतो. मी स्वतःही शेअर बाजारात तसाच वागलो होतो आणि त्याची फी भरली. तुम्ही दैवाने हरत नाही, किंवा निदान मुख्यतः दैवाने हरत नाही. ६०० रुपयांचा तो कॉल जर दर शनिवारी चार-पाच वेळा वेगवेगळ्या रूपांत होत असेल, तर १८,४०० चा बहुतेक हिशेब तिथेच लागतो.

ब्लफबद्दल, म्हणजे पाने वाईट असताना चांगली असल्याचा आव आणून पैसे लावण्याबद्दल, तुम्ही विचारलेले नाही, तरी एक गणित सांगतो, कारण फ्लश हुकला की तुमच्यासारखे खेळाडू पुढे तिकडे वळतात. पॉटइतकीच रक्कम लावून ब्लफ करायचा, तर समोरच्याने निदान निम्म्या वेळा पाने टाकली तरच तो परवडतो. ब्लफ ही लहर नसून ठरावीक प्रमाणात करायची गणिती गोष्ट आहे, हे जॉन फॉन नॉयमन यांनी ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्यूतसिद्धान्तावरील (गेम थिअरी) ग्रंथात पोकरच्या सोप्या नमुन्यावर दाखवले होते. पण तो नमुना पाने टाकू शकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचा आहे. तुमच्या माडीवर निम्म्या वेळा कोण टाकतो? तिथे चांगली पाने असताना लावणे आणि नसताना उठून चहा सांगणे, एवढाच ब्लफ पुरे.

गोव्याचा प्रश्न आता बराच सोपा झाला आहे, पण समजा मी वर केलेला सगळा हिशेब चुकला आणि तुम्ही खरोखर चांगले खेळाडू आहात, शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड कमावणारे. मांडवीवरच्या एखाद्या कॅसिनोत बिग ब्लाइंड २०० रुपयांचा मिळाला असे धरू. शनिवार-रविवारचे वीस तास बसलात तर पाचशेच डाव होतील. त्यांतून अपेक्षित कमाई २५ बिग ब्लाइंड, म्हणजे पाच हजार रुपये. आणि प्रमाण विचलन, शंभर डावांना शंभर बिग ब्लाइंड धरले तर, सुमारे ४५ हजार रुपये. म्हणजे चांगला खेळाडूसुद्धा शंभरात पंचेचाळीस वेळा हरून आंबोली घाट चढेल. त्यात कॅसिनो प्रत्येक पॉटमधून आपला वाटा, म्हणजे रेक, काढतो, जो तुमच्या माडीवर नव्हता. समजा पॉटमागे सरासरी शंभर रुपये गेले, ताशी पंचवीस पॉट झाले आणि टेबलावर नऊ जण असले, तर वीस तासांत तुमच्या वाट्याला साडेपाच हजारांचा रेक येतो आणि पाच हजारांची अपेक्षित कमाई त्यात बुडते. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांचा प्लुरिबस हा संगणकी खेळाडू पाच व्यावसायिकांविरुद्ध खेळवला गेला, तेव्हा त्याचे वरचढपण सिद्ध करण्यासाठी बारा दिवसांत दहा हजार डाव खेळवले आणि नशिबाचा वाटा वजा करणारी खास सांख्यिकी पद्धतही वापरावी लागली. पोकरमध्ये कौशल्य आहे, याबद्दल मला शंका नाही. ते पाचशे डावांत दिसत नाही. तुमच्या माडीच्या वेगाने दहा हजार डाव म्हणजे शंभर शनिवार.

किती लावावे याचेही सूत्र आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या नियमानुसार भांडवलाचा किती हिस्सा पणाला लावायचा, हे खेळाडूच्या बाजूने असलेल्या फायद्यावर ठरते. फायदा शून्य किंवा उणे असेल तर सूत्राचे उत्तर शून्य येते. तुमच्या तेरा शनिवारांच्या तोट्यावरून तुमचा फायदा उणे दिसतो. मग दोन लाखांतले किती लावायचे, हे मी वेगळे सांगायला नको. आणि ते दोन लाख तुमचे नाहीतच. भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो. हे पैसे तसे नाहीत. उसाचे बिल घालणारा मित्र हरल्यावर काही बोलणार नाही कदाचित, पण तुम्ही प्रत्येक कॉलच्या वेळी त्याचा चेहरा पाहाल आणि ३३ टक्क्यांचा हिशेब तिथेच डगमगेल.

कायद्याचे थोडक्यात. पैसे लावून ऑनलाइन खेळायचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने बंद केले आहेत, तेव्हा मोबाइलवर सराव करण्याची कल्पना असेल तर ती सोडा. आपल्या राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. माडीवरच्या खेळाला तो कितपत लागतो, हे ओळखीच्या वकिलाला एकदा विचारा, कारण बँकेतल्या माणसाचे नाव अशा प्रकरणात यावे असे मला वाटत नाही.

तुमच्या पत्रातले ‘घरी यातले काहीच ठाऊक नाही’ हे वाक्य मला सहाशेच्या कॉलपेक्षा अधिक काळजीचे वाटले. १८,४०० हा आकडा बँकेतल्या पगारातून भरून निघण्याजोगा आहे, म्हणून आताच सांगणे सोपे आहे. हरलेले भरून काढण्यासाठीच शनिवारची वाट पाहिली जात असेल, झोप उडत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. त्यात कमीपणा नाही.

करायचे ते असे. येत्या शनिवारच्या आधी तिघांचे पन्नास-पन्नास हजार ज्या खात्यांतून आले त्याच खात्यांत परत पाठवा आणि गटावर एवढेच लिहा, ‘हिशेब करून पाहिला, मी अजून तेवढा चांगला खेळत नाही.’ चेष्टा होईल, होऊ द्या. खेळ सोडाच असे मी म्हणत नाही, पण पुढचे काही महिने काड्यापेटीतल्या काड्या लावून खेळा आणि एक वही करा. प्रत्येक मोठ्या कॉलसमोर पॉट किती होता, किती भरावे लागले, म्हणून किती टक्के हवे होते, त्या क्षणी आपल्याकडे किती आहेत असे वाटले आणि शेवटी समोरच्याने कोणती पाने दाखवली, हे लिहा. जिंकलो की हरलो याचा रकाना ठेवू नका. मित्र काड्यांवर खेळायला तयार झाले नाहीत, तर ते पैशांसाठी खेळतात की खेळासाठी, हे तुम्हाला फुकटात कळेल. वहीची पहिली दोन पाने भरली की त्यांचे फोटो मला पाठवा. पहिल्या ओळीत बदाम नव्वी-अठ्ठीचा तो ६०० चा कॉल असू द्या, आणि त्याच्या आउट्सच्या रकान्यात नऊ खोडून आठ लिहिलेले असावे.